पोरगा इतिहासाचे व्हिडिओ बघतो, पुस्तक मात्र उघडत नाही

औसा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते:

मुलगा नववीत, मुलगी सातवीत. मिस्टरांचं खत-बियाण्यांचं दुकान. मुलाला इतिहासाचं वेड, पण ते सगळं मोबाईलवरचं. जेवताना लढाया, झोपताना लढाया. महिन्याभरापूर्वी वर्गातल्या एका मुस्लीम मित्राला तो ‘तुमच्या लोकांनी आमच्यावर काय काय केलं’ असं बोलला. पोरं हातघाईवर आली, सरांनी पालकांना बोलावून घेतलं. मिस्टर म्हणतात, इतिहासाचं नावच नको, लातूरला फाउंडेशनच्या क्लासला टाकू, ‘नीट’ परीक्षेचं बघू. सासूबाई त्याला रझाकाराच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, काळातल्या गोष्टी सांगतात, त्यानं तो आणखीच तापतो. ‘मी ग्रंथप्रदर्शनातून शिवाजी महाराजांवरची हजारेक पानांची कादंबरी आणली, ती पन्नासाव्या पानावर अडकली आहे. “मधीच लई वर्णनं हायती” म्हणतो. मुलगी तर भुताच्या गोष्टींशिवाय काही वाचत नाही. खरा इतिहास कळेल, डोकं शांत होईल, चांगले संस्कार होतील अशी पुस्तकं दोघांसाठी सांगा.’

ताई,

पुस्तकांची नावं देते. पण शाळेतल्या भांडणाचं आधी बोलू, कारण त्यावर पुस्तक हा इलाज नाही.

मुलगा मित्राला जे बोलला ते वाचन कमी पडल्यामुळं बोलला, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. भरपूर वाचून याहून वाईट बोलणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. चौदा वर्षांच्या पोराला चारचौघांत वट मारायची असते आणि ढोल-ताशांच्या तालावरचे ते व्हिडिओ त्याला त्यासाठी तयार वाक्यं पुरवतात. तेव्हा त्यानं मित्राच्या घरी जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणायचं, एवढं आधी होऊ द्या. सोबत वडिलांनी जावं. तुम्ही गेलात तर ‘मायनं ओढत नेलं’ असं होईल. दुकान सोडून बाप येतो तेव्हा पोराला कळतं की गोष्ट साधी नाही. तिथं तीनशे वर्षांपूर्वी कुणी कुणाचं काय केलं ही चर्चा काढू नका. चहा घ्या आणि घरी या. सरांनी बोलावलं होतं म्हणून नव्हे, आपल्या पोरानं दुसऱ्याच्या लेकराला दुखावलं म्हणून जायचं आहे.

आता पुस्तकांकडं.

तुमची कादंबरी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही. माझा अंदाज ‘श्रीमान योगी’. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६८ साली आली, मराठी घराघरांत वाचली गेली. चांगलीच आहे. पण पोरगा तीन मिनिटांच्या व्हिडिओवरून एकदम हजार पानांवर येत नाही, आला तर तोच अपवाद. त्यातही त्याची तक्रार खोटी नाही. कादंबरीत वर्णनं असतात, मनातले विचार असतात, आणि त्याला हवी असते ती घटना. तुम्हाला वाटतं त्याला गोडी नाही. मला वाटतं गोडी आहे, माप चुकलं.

शिवाय तुम्ही मागितलात ‘खरा इतिहास’ आणि आणलीत कादंबरी. यात तुमचा दोष नाही, आपल्याकडं बहुतेकांनी शिवाजी महाराज कादंबरीतून आणि नाटक-सिनेमातूनच ओळखले. जिजाबाई रात्री महाराजांशी काय बोलल्या हे कुणी टिपून ठेवलेलं नव्हतं. ते संवाद लेखकानं रचले, आणि कादंबरीत रचायलाच लागतात. हे मुलाला उघडपणे सांगितलं तर त्याची कादंबरीवरची माया कमी होणार नाही. त्याच ‘श्रीमान योगी’ला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची लांबलचक प्रस्तावना आहे. ती मुलाला आत्ता जड जाईल, पण तुम्ही वाचा. कादंबरीच्या दाराशीच एक माणूस उभा राहून पुराव्यांची झाडाझडती घेतोय, असा तो प्रकार आहे.

मुलाबरोबर करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगते. आग्र्याहून सुटका हा प्रसंग घ्या, त्याला तो पाठच असेल. महाराज १६६६ च्या ऑगस्टमध्ये निसटले. आग्र्यातून त्याच दिवसांत आमेरच्या कछवाह्यांच्या, म्हणजे मिर्झाराजे जयसिंगांच्या घराण्याच्या, माणसांनी आपल्या घरच्या कारभाऱ्यांना राजस्थानीत पत्रं लिहिली, ती पुढं जयपूरच्या दप्तरात सापडली. कृष्णाजी अनंत सभासदानं आपली बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, १६९७ च्या सुमाराला, म्हणजे घटनेनंतर तीसेक वर्षांनी. आणि कादंबरी आली तीनशे वर्षांनी. एकच प्रसंग, सांगणारे तिघं. पत्र लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय होणार हे ठाऊक नव्हतं, सभासदाला शेवट ठाऊक होता, आणि कादंबरीकाराला वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायचं होतं. कोणावर कशासाठी विश्वास ठेवायचा, हे पोराला विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल, प्रश्न त्याच्या डोक्यात बसला पाहिजे. सभासदाची बखर पातळ आहे, जुन्या आवृत्त्या इंटरनेटवर फुकट सापडतात. भाषा जुनी, फारसी शब्दांनी भरलेली. पण तुमच्या सासूबाईंना त्यातले निम्मे शब्द कळतील, पुण्याच्या आज्जीपेक्षा नक्कीच जास्त. आग्र्याची आठ-दहा पानं तिघांनी मिळून वाचा, बाकी बखर राहू द्या.

मोबाईल काढून घेऊ नका. व्हिडिओ बघताना जवळ बसा आणि कधीतरी सहज विचारा, ‘हे कशावरून म्हणतोय हा?’ रोज विचारलंत तर ती उलटतपासणी होईल आणि तो खोलीत जाऊन दार लावून बघेल.

हातात द्यायचं पहिलं पुस्तक म्हणून मी सेतुमाधवराव पगडींचं छोटेखानी शिवचरित्र सुचवेन. पगडी तुमच्या शेजारच्या निलंग्याचे, १९१० सालचा जन्म, हैदराबाद संस्थानात अधिकारी होते. लातूर जिल्ह्यातल्या पोरांना हे नाव शाळेत का सांगत नाहीत कोण जाणे. त्यांना फारसी उत्तम येत होती, त्यामुळं मुघलांच्या बाजूनं लिहिलेलं बरंच काही त्यांनी मराठीत आणलं. त्यात भीमसेन सक्सेनाच्या आठवणी आहेत. हा कायस्थ माणूस मुघल फौजेबरोबर दख्खनभर हिंडला, बादशहाच्या चाकरीत राहिला आणि त्याच औरंगजेबाच्या दख्खनच्या कारभारावर त्यानं नाराजीही लिहून ठेवली. तुमच्या मुलाच्या डोक्यात ‘आमचे’ आणि ‘तुमचे’ असे दोन खण आहेत, त्यांतल्या कुठल्या खणात भीमसेनाला बसवायचं ते त्यालाच ठरवू द्या. तो मोठा ग्रंथ आत्ता नको, ही एवढी गोष्ट सांगितली तरी पुरे.

गोविंद पानसरे यांचं ‘शिवाजी कोण होता?’ (१९८८) हेही पातळ आहे, भाषणातून झालेलं, बोलल्यासारखं. पानसरे कम्युनिस्ट होते आणि पुस्तकाची बाजू उघड आहे. म्हणूनच ते एकटं देऊ नका, पगडींच्या जोडीनं द्या. एका माणसावरची दोन पुस्तकं वेगळं बोलतात हे एकदा दिसलं की तिसऱ्या व्हिडिओकडं बघण्याची नजर आपोआप बदलते. ‘संस्कार होतील’ म्हणून यातलं काहीही देऊ नका. पोरांना त्याचा वास लगेच येतो, मग पुस्तक चांगलं असलं तरी ते औषधाची बाटली होऊन बसतं.

आपल्याकडच्या मुलांची आणखी एक अडचण असते. त्यांना वाटतं इतिहास म्हणजे रायगड, पुणे, पानिपत, आपल्या गावात काही घडलंच नाही. पानिपतचेच व्हिडिओ तो बघत असेल तर त्याला सांगा, १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाला हरवून सदाशिवरावभाऊ परतूरला आले आणि मार्चमध्ये फौज उत्तरेकडं निघाली ती त्याच परतूरहून, आपल्या जालना जिल्ह्यातून. उदगीरचा किल्ला एसटीनं एका दिवसात बघून येता येतो. औशाचा भुईकोट तर घरचाच. दुहेरी तट आणि खंदक बघून ‘इथं शिरायचं कसं?’ एवढं विचारलं तरी पोरं तासभर वाद घालतात. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मुघल, मग निजाम, एवढे धनी त्या भिंतींनी पाहिले. धाराशिवकडं गेलात तर तेर चुकवू नका. रोमशी व्यापार करणारं ‘तगर’ ते हेच, आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी अगदी जवळून बघायला मिळतात. लढाईशिवायही इतिहास असतो हे तिथं न सांगता कळतं.

आता सासूबाईंच्या गोष्टी. मिस्टर बहुधा म्हणत असतील, म्हातारीनं हे बंद करावं. मी उलट म्हणेन. त्यांनी सांगावं, फक्त मुलानं हातात वही घेऊन ऐकावं. ‘आज्जी, तुझं तेव्हा वय किती? हे तू डोळ्यांनी पाहिलंस का कुणी सांगितलं? कोणी? तुम्ही गाव सोडून कुठं गेलात? खायला काय होतं? परत आलात तेव्हा घर कसं होतं?’ पाहिलेलं वहीच्या एका बाजूला, ऐकलेलं दुसऱ्या बाजूला. १९४८ साली सहा-सात वर्षांच्या असलेल्या बाईची आठवण हा आपल्या भागातला अस्सल ऐवज आहे आणि दरवर्षी तो कमी होत चाललाय. लिहून घेताना पोराचं डोकं तापत नाही, कारण हात गुंतलेला असतो आणि पुढचा प्रश्न सुचवायचा असतो.

पण आज्जीची गोष्ट जिथं थांबते तिथून पुढचं त्याला तुम्हीच सांगायचं आहे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करायचा, हे तुमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. त्याच काळात हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचे तरुण संपादक ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवत होते. त्यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूनं लिहिलं, म्हणून १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली, आपण मुक्तिदिन साजरा करतो तो याचाच. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे बेतलं त्याची पाहणी करायला केंद्रानं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत नांदेड आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) होते. औसा-लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच, लातूर वेगळा झाला १९८२ साली. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही. म्हणजे तुमच्या सासूबाई ज्या वर्षाची गोष्ट सांगतात, त्याच वर्षाची दुसरी गोष्ट मुलाच्या मित्राच्या घरातही कुणीतरी सांगत असेल. पोरांचं आपसात पुन्हा जमलं, तर कधीतरी दोघांनी दोन्हीकडं वही घेऊन बसावं. तुम्ही मात्र तो कार्यक्रम ठरवू नका.

याच विषयावर अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ आहे. जाड आहे, मुलासाठी नको, तुमच्या स्वतःसाठी आणा. स्वामी रामानंद तीर्थ ज्या शाळेत शिकवायचे ते हिप्परगा तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे, तिथपासून वाचायला घ्या. पोरं वाचत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या घरात मोठ्यांच्या हातात शेवटचं पुस्तक कधी होतं, हा प्रश्न मी सगळ्याच पालकांना विचारते, तुम्हाला एकटीला नाही.

लढायांपलीकडची तीन नावं मुलासाठी देते. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. कोकणातला एक भिक्षुक कर्ज फेडायला पैसे मिळवावेत म्हणून १८५७ साली उत्तरेकडं निघाला आणि नेमका बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. भूक, लूट, जीव मुठीत धरून लपणं, आणि घरी न्यायची गंगेची कावड. पुस्तक छापून आलं १९०७ साली. भाषा जरा जुनी वाटेल, पण पोरगा पाच पानं टिकला तर पुढं त्याला ओढून न्यावं लागणार नाही. दुसरं वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. गुलामीत जन्मलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो त्याची ही गोष्ट, आणि बाप खत विकतो त्या घरात भुईमुगाबद्दल, जमिनीबद्दल बोलणारं पुस्तक आलं तर मिस्टरही उचलतील. तिसरं दोनेक वर्षांनी: लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’. लातूरजवळच्या धनेगावचे. ज्या जमातीवर इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, तिथल्या माणसानं लिहिलेलं आत्मचरित्र, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. शिव्या आहेत, मारहाण आहे, उपासमार आहे. आधी तुम्ही वाचा, मग कधी द्यायचं ते ठरवा. पण द्याच. पाठ्यपुस्तकात ज्यांचं नाव येत नाही त्यांचाही भूतकाळ तुमच्याच जिल्ह्यातला आहे.

मिस्टरांशी फाउंडेशनवरून वाद घालू नका, तो घरोघरचा आहे आणि पत्रानं सुटणारा नाही. झोपायच्या आधी वीस मिनिटं एवढंच मागून घ्या, त्यानं कुठलाही क्लास बुडत नाही. आणि ‘हे वाचलंस तर पुढं एमपीएससीला उपयोगी पडेल’ हे वाक्य दोघांनीही तोंडातून काढायचं नाही.

राहिली मुलगी. तिचं काय बिघडलंय ते मला पत्रातून समजलं नाही. सातवीतली पोरगी आपणहून पुस्तक उचलते, शेवटपर्यंत वाचते, दुसरं मागते. तिला भुतं आवडतात म्हणून तिच्या हातात इतिहास कोंबलात तर आहे तेही वाचन जाईल. तिला बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक दाखवा, १९७१ पासूनचे अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्या, त्यात भुतं नसली तरी रात्र, अंधार आणि पाठलाग भरपूर आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आणखी तीन-चार वर्षांनी, तेव्हा खऱ्या अर्थानं घाबरेल. पुढंमागं देवगिरीला गेलात तर अंधारीतून तिला पुढं चालवा. किल्ल्यातला तो काळोखा बोगदा शत्रूला चुकवायला केला होता हे ऐकून तिला इतिहासाचं काही वाटलं तर वाटलं.

एवढी पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात दोघांची नावं घाला, वर्गणी फार नसते, आणि नसलेलं पुस्तक मागवा म्हणून तिथं लेखी मागणी करा. ग्रंथपाल सहसा खूश होतात, कारण मागणारं कुणी नसतं. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असेल तर पालकसभेत किल्ली कुणाकडं असते एवढंच विचारा. राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत.

त्या जाड कादंबरीतली खूण तशीच राहू द्या, आणि ‘इतके पैसे घातले’ हे ऐकवू नका. पुढच्या वेळी लातूरला ग्रंथप्रदर्शन लागलं की दोघांच्या हातात दोन-दोनशे रुपये द्या, काय घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या, आणि तुम्ही बाहेर चहा घेत थांबा.